पिवळ्या दिव्यावरची काळी पट्टी

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि घरी माळशिरसला इंग्रजी बोललं की आजीचा मार! त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना बोल लावू नका, माझ्या पदरात टाका. विषय मात्र मी नीट समजून घेतला आहे. कारण तो पुस्तकात नाही, आमच्या अंगणात शिकले.

गेल्या सेमिस्टरच्या व्हायव्हामध्ये एक्स्टर्नल सरांनी विचारलं होतं, "ईएससी म्हणजे काय?" मी पोपटासारखं उत्तर दिलं, "सर, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल." सर खूश, मी खूश, मार्क चांगले. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर पप्पांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवलेला.

"हे काय?"

तात्या म्हणजे माझे चुलते. ते म्हणाले, "अगं, तिथं एक पिवळा दिवा सारखा पेटतोय. रात्री डोळ्यावर येतो. गॅरेजवाला म्हणला अख्खं युनिट बदलावं लागतंय, लई खर्च हाय. गाडी तर झ्याक चालतीय. मग लावली पट्टी."

मी हसले. खरं सांगते, मलाही त्यात काही गंभीर वाटलं नाही. व्हायव्हाचे मार्क मिळाले होते ना!

भाऊबीजेच्या रात्री आत्याला अकलूजला सोडून आम्ही परत येत होतो. पप्पा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आजी पेंगत होती. कारखाने नुकतेच सुरू झाले होते. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, हंगामात रात्रीच्या रस्त्यावर काय असतं ते. एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात काही दिसत नव्हतं. ती गाडी गेली, आणि एकदम समोर उसाची भिंत! पप्पांनी ब्रेक मारून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, मग पुन्हा डावीकडे. रस्त्यावर शेतातून आलेला चिखल होता. गाडीचा मागचा भाग सरकला आणि आम्ही तिरके होऊन साईडपट्टीवर थांबलो. आजी जागी झाली आणि म्हणाली, "आलं का घर?"

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पप्पांचे हात पुढची पाच मिनिटं थरथरत होते. मी काळी पट्टी नखाने काढली. खाली एक गाडी आणि तिच्या मागे नागमोडी रेघा, असा पिवळा दिवा शांतपणे पेटलेला होता. शेजारी एबीएसचा दिवा. म्हणजे नेमकी ज्या क्षणासाठी ही यंत्रणा बनवली आहे, त्या क्षणी ती बंद होती, आणि तसं ती तीन आठवडे ओरडून सांगत होती!

ती चालू असती तर गाडी घसरलीच नसती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चिखल तो चिखलच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅन्युअल घेऊन अंगणात बसले. त्यातून जे शिकले ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी थोडी थिअरी

बैलगाडी डावीकडे वळवायची तर गाडीवान काय करतो? डाव्या बैलाचा कासरा ओढतो. डावा बैल मंदावतो, उजवा चालत राहतो, गाडी डावीकडे वळते. ईएससीचा सगळा फंडा एवढाच आहे! गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा चारांपैकी नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते आणि गाडीचं तोंड पुन्हा रस्त्याकडे वळवते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक आवळते. उलट स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात असेल, तर आतल्या बाजूचं मागचं चाक आवळते. गरज पडली तर इंजिनची ताकदही कमी करते. ड्रायव्हरकडे एकच पेडल असतं, तो चारही चाकांना एकदमच ब्रेक लावू शकतो. एका चाकाचा कासरा ओढणं माणसाच्या हातात नाही.

हे ठरवायला तिला तीन गोष्टी कळाव्या लागतात. ड्रायव्हरला कुठे जायचं आहे, हे स्टिअरिंग अँगल सेन्सर सांगतो. गाडी खरोखर किती वळते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे, हे यॉ रेट आणि लॅटरल ॲक्सिलरेशन सेन्सर सांगतात. आणि प्रत्येक चाक किती वेगाने फिरतं आहे, हे चार व्हील स्पीड सेन्सर सांगतात. यातल्या एकाचीही साक्ष खोटी वाटली तर यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. चुकीच्या चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा काहीच न करणं बरं, असा तिचा हिशोब असतो.

याचा इतिहास मोठा मजेदार आहे. बॉशची एबीएस १९७८ साली मर्सिडीजमध्ये आली. त्याच पायावर बॉश आणि मर्सिडीजने १९९५ साली ईएसपी या नावाने स्टॅबिलिटी कंट्रोल आणलं, पण फक्त महागड्या गाड्यांत. मग ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास तपासली. तिकडे रस्त्यात अचानक एल्क आडवा येतो. एल्क म्हणजे सांबराचा अगडबंब भाऊ समजा. त्याला चुकवण्यासाठी गाडी एकदम एका बाजूला आणि लगेच परत वळवावी लागते, म्हणून या चाचणीला एल्क टेस्ट म्हणतात. त्या चाचणीत ए-क्लास चक्क उलटली! जगभर बोभाटा झाला. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. श्रीमंतांची चीज छोट्या गाडीत आली ती अशी.

स्वीडनमध्ये एल्क, आमच्या माळशिरस तालुक्यात बिनदिव्याची उसाची ट्रॉली. प्रॉब्लेम तोच!

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. २०२३ साली भारत एनकॅप सुरू झालं आणि त्यात तीन किंवा जास्त स्टार मिळवायचे तर ईएससी लागतंच. त्यामुळे हा दिवा आता साध्या गाड्यांतही दिसतो. कोणी याला ईएसपी म्हणतं, कोणी व्हीएससी, कोणी डीएससी. नावं वेगळी, काम एकच.

दिवा काय बोलतो?

चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझतो. ती त्याची रोजची हजेरी. मुळीच लागला नाही तर तोही बिघाडच.

चालताना फडफडला, म्हणजे लुकलुकला, तर घाबरू नका. यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा, एवढाच अर्थ.

"ऑफ" असं लिहिलेला दिवा असेल तर बहुतेक कोणीतरी बटण दाबलेलं असतं. गाडी पुसताना ते दाबलं जातं. पुन्हा दाबा, विषय संपला.

दिवा सतत पेटून राहिला तर बिघाड आहे. साधे ब्रेक चालू असतात, पण घसरताना मदतीला कोणी नाही. आता शेजारचे दिवे बघा. एबीएसचा दिवाही सोबत असेल तर पहिला संशय चाकांच्या सेन्सरवर. इंजिनचा दिवा सोबत असेल तर मूळ दोष बहुधा इंजिनकडे असतो, कारण इंजिनची ताकद कमी-जास्त करता येत नसेल तर ईएससी सुट्टी घेतं. आणि ब्रेकचा लाल दिवा सोबत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. आधी हँडब्रेक अर्धवट वर राहिलाय का बघा. तो नीट सोडूनही दिवा राहिला तर पुढे चालवू नका. लाल दिव्याशी घरगुती प्रयोग नाहीत!

अंगणातली तपासणी

मी जे केलं ते क्रमाने देते. सोपं आणि फुकटचं आधी, अवघड शेवटी.

१. गाडी बंद करून पुन्हा सुरू करा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर थोडं अंतर हळू चालवा. नुकतीच बॅटरी काढली-बसवली असेल तर काही गाड्यांत स्टिअरिंगचा शून्य बिंदू हरवतो. अशा वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून गाडी सरळ चालवली की दिवा जातो. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. आमचा दिवा गेला नाही.

२. ब्रेक ऑईलची पातळी बघा. डबीवर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. पातळी खाली असेल तर नुसतं वरून ओतू नका. एकतर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. आमची ठीक होती.

३. टायर बघा. चारही एकाच मापाचे आहेत का? हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे आहे का? हे साधं गणित आहे. एका टायरचा व्यास ३ टक्के कमी असेल तर ते चाक तेवढंच अंतर कापायला सुमारे ३ टक्के जास्त फिरणार. बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं, हे चाक घसरतंय! पंक्चरनंतर वेगळ्या मापाची स्टेपनी लावून महिनोन् महिने फिरणाऱ्यांनी हे वाचावं. आमचे चारही सारखे होते.

४. बॅटरी तपासा. लॅबमधला मल्टिमीटर इथे कामाला येतो. इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास उभी राहिल्यावर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५. नव्या गाड्यांचं चार्जिंग कॉम्प्युटरच्या हातात असतं, त्यामुळे थोडा फरक पडू शकतो. बॅटरी अशक्त असली की डॅशबोर्डवर असंबद्ध दिवे लागतात, सबमिशनच्या आदल्या रात्री आपण बडबडतो तसे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी असेल तर साफ करून घट्ट आवळा. आमची बॅटरी पास.

५. कोणालातरी ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे बघा. ते लागत नसतील किंवा विझत नसतील तर ब्रेक पेडलजवळचा स्विच खराब असू शकतो. हा स्वस्तातला भाग, पण ईएससीला कोड्यात टाकतो. आजीने हौसेने पेडल दाबलं. दिवे व्यवस्थित.

६. फ्यूज बघा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये कोणता फ्यूज कशाचा ते असतं. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळून काम चालवू नका. नवाही उडाला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. आमचे फ्यूज शाबूत.

७. आता चाकं. इथे मात्र सावध! जमीन सपाट आणि टणक हवी. मागचं चाक उचलताना हँडब्रेकवर विसंबू नका, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली स्टँड लावा, आणि काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. गाडीखाली शरीर घालायचं नाही. चाकाच्या पोकळीत टॉर्च मारून बघणं एवढंच आपलं काम.

हबजवळ बोटाच्या पेराएवढा सेन्सर आणि त्यातून निघालेली वायर दिसते. त्याच्यासमोर दातेरी रिंग असते किंवा बेअरिंगमध्येच चुंबकीय पट्टी असते. दोघांमधली फट जेमतेम एखाद्या मिलिमीटरची. त्यात काळ्या मातीचा थर, गंज किंवा लोखंडाचा चुरा बसला की मोजणी चुकते. ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने पुसा. हातोडी नको. आणि एक विसरू नका. आजकालचे बरेच सेन्सर हॉल इफेक्टसारख्या तत्त्वावर चालतात, त्यांना मल्टिमीटर लावून ओहम मोजू नका. जुन्या कॉइलच्या सेन्सरची ती पद्धत नव्याला लावली तर तो बिघडू शकतो.

तीन चाकं झाली, काही नाही. मागचं डावं चाक काढलं, आणि सापडलं! वायरचं वरचं आवरण दोन बोटं सोललेलं, आत तांब्याचे दोन-तीन धागे हिरवे पडलेले. कडेला बारीक दातांच्या खुणा. उंदीर! पावसाळाभर गाडी वस्तीवर कडब्याच्या गंजीशेजारी उभी असायची. ऊस तुटायला लागला की फडातले उंदीर असे आसरे शोधतातच.

स्कॅनरचा धडा

मधे एक गंमत झाली. शेजारच्या दादाकडे ब्लूटूथचा स्वस्तातला स्कॅनर होता. मोबाईलला जोडला तर उत्तर आलं, "कोणताही दोष नाही." तात्या लगेच म्हणाले, "बघ, मी सांगत हुतो!" पण असे साधे स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेक आणि ईएससीचे कोड सी अक्षराने सुरू होतात, आणि ते वाचायला एबीएस युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. त्यामुळे "दोष नाही" याचा खरा अर्थ "मला दिसला नाही" एवढाच होता.

शेवटी अकलूजच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याच्याकडे मोठा स्कॅनर होता. कोड आला तो मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचाच. मला तर व्हायव्हापेक्षा जास्त आनंद झाला! मी विचारलं, "वायर जोडून टेप मारली तर?" तो म्हणाला, "ताई, ही वायर चाकासंगं हलती, पाण्यात भिजती. चार दिवस टिकंल. सेन्सर वायरीसकट बदला." बदलला. कोड पुसला, गाडी थोडी चालवली, दिवा विझला. अख्ख्या युनिटचा जो आकडा आधी सांगितला होता, त्याच्या पासंगालाही न पुरणारं बिल झालं.

कुठे थांबायचं?

घरी दोष शोधता येतो, प्रत्येक दोष दुरुस्त करता येतोच असं नाही. एबीएसचं हायड्रॉलिक युनिट उघडू नका. ब्रेकच्या नळ्या सैल करू नका. स्टिअरिंगच्या चक्राखाली अँगल सेन्सरच्या जवळच एअरबॅगचं कनेक्शन असतं, तिथे हात घालू नका. चावी चालू ठेवून कनेक्टर उपटू नका. आणि दिवा दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावीच लागली तर वेग कमी, अंतर जास्त, पाऊस आणि रात्र शक्यतो टाळून.

सगळ्यात महत्त्वाचं, दिव्याचा बल्ब काढू नका आणि त्यावर पट्टी लावू नका. दिवा हा बिघाड नाही, तो निरोप आहे. निरोप्याचं तोंड बांधलं म्हणून बातमी खोटी होत नाही. हॉस्टेलवर एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याला काडी लावून वर अडकवणाऱ्या महाभागांनीही यावर विचार करावा. नावं घेत नाही, रेक्टर सरही हा अंक वाचतात!

जाता जाता एक राहिलं. आमचे तात्यासुद्धा हंगामात ट्रॅक्टरवर ऊस वाहतात, दोन ट्रॉल्या लावून. कॉलेजला परत यायच्या आदल्या दिवशी मी लाल रिफ्लेक्टर टेपचा एक रोल आणला आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे, कडेला लावायला घेतला. तात्या बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते आत गेले, जुनं फडकं आणलं आणि ट्रॉलीच्या फळीवरची धूळ पुसायला लागले. म्हणाले, "धुळीवर चिकटायची न्हाय ती. आधी पुसून घ्यावं लागतंय."

आता पप्पा चावी फिरवली की लगेच स्टार्टर मारत नाहीत. सगळे दिवे लागून विझेपर्यंत थांबतात. मागून आजी विचारते, "झाली का हजेरी?"